धनुर्वाताचं औषध रक्ताच्या पिशवीतच असतं. पण शिबिरात ते शोधतंय कोण?

शहापूर / मुरबाड : शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत रक्तदान शिबिरांना वर्षभर तोटा नसतो. कुणा नेत्याचा वाढदिवस, गणेशोत्सव, नवरात्र, २४ एप्रिलला निरंकारी मंडळाचं शिबिर, १ ऑक्टोबरला रक्तदान दिन. किन्हवली असो, डोळखांब असो, सरळगाव की टोकावडे, शाळेच्या नाहीतर समाजमंदिराच्या हॉलमध्ये खाटा पडतात, पोरं रांगेत उभी राहतात, पिशवी भरते. चहा-बिस्किट, प्रमाणपत्र, मोबाईलवर फोटो, आणि मंडळी घरी.

त्या पिशवीचं पुढे काय होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कायद्याने प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी होते : एचआयव्ही, कावीळ ‘बी’, कावीळ ‘सी’, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. यातलं काही निघालं तर पिशवी बाद. म्हणजे सगळी तपासणी रक्तात वाईट काय आहे ते शोधायची. रक्तात चांगलं काय आहे, ते मात्र कुणी बघत नाही.

आणि शेतात राबणाऱ्याच्या दृष्टीने रक्तातली एक फार मोलाची गोष्ट म्हणजे धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडं. ती कुणाच्या रक्तात भरपूर असतात, कुणाच्या जेमतेम, कुणाच्या अजिबात नसतात. हे तपासलं तर दोन कामं होतील. भरपूर असलेल्यांच्या रक्तापासून जखमी माणसाचा जीव वाचवणारं औषध बनवता येतं. आणि कुणाच्या अंगात काहीच नाही, हे त्याला जखम व्हायच्या आधी कळतं.

मातीतला आजार

धनुर्वात गंजलेल्या खिळ्याने होतो, असं सर्रास म्हटलं जातं. गंजाचा तसा काही दोष नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, खतात, धुळीत बीजरूपाने पडून असतात आणि वर्षानुवर्षं मरत नाहीत. खिळा असो, बाभळीचा काटा असो, विळ्याचा घाव असो की वीटभट्टीवर पायात घुसलेली काच, जखम खोल आणि आत हवा नाही, की तिथे जंतू वाढतात आणि विष सोडतात. ते विष मज्जातंतूंवर जातं. आधी जबडा आखडतो, दातखीळ बसते, मग मान, पाठ, पोट ताठ होतं. अंग धनुष्यासारखं वाकतं म्हणून नाव धनुर्वात. जखमेनंतर साधारण ३ ते २१ दिवसांत हे सुरू होतं. तोवर जखम कित्येकदा बुजूनही गेलेली असते.

मातीतलं हे बीज कुठे शिरेल याचा नेम नाही, हे मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेने फार महागात शिकलं. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने दगावली. लस परळची, वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पद सोडावं लागलं. पुढे चौकशीवर तज्ज्ञांनी बोट ठेवलं तेव्हा कळलं, की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरले, पण त्याला १९०७ उजाडलं.

या आजाराच्या दोन गोष्टी इतर साथींपेक्षा वेगळ्या आहेत आणि पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावरच उभा आहे. एक, धनुर्वात माणसापासून माणसाला होत नाही. त्यामुळे गावात शंभरातल्या नव्वदांनी लस घेतली तरी उरलेल्या दहांना त्याचा काडीचा फायदा नाही. गोवरात, पोलिओत शेजाऱ्याची लस आपल्यालाही थोडीफार राखते. इथे ज्याचं त्यालाच. दोन, धनुर्वातातून वाचलेल्या माणसाच्याही अंगात त्याच्याविरुद्ध ताकद तयार होत नाही. ते विष इतकं जहाल, की जीव घेण्याएवढी मात्राही शरीराला ओळख पटवायला अपुरी पडते. म्हणजे कुणाच्या रक्तात ही प्रतिपिंडं सापडली तर ती लशीमुळेच आली, असं समजायचं. म्हणूनच रक्ताची ही तपासणी म्हणजे त्या माणसाच्या लसीकरणाचं हरवलेलं कार्ड वाचण्यासारखं आहे.

दोन इंजेक्शनं, एकच नाव

दवाखान्यात ‘धनुर्वाताचं इंजेक्शन द्या’ म्हटलं की जे मिळतं ती लस. पूर्वी टीटी होती, २०१९ च्या सुमारास सरकारी कार्यक्रमात तिच्या जागी टीडी आली. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही अंश असतो. लोक अजून टीटीच म्हणतात, त्याने बिघडत काही नाही. ही लस शरीराला शिकवते. ज्याने आधी डोस घेतलेले आहेत त्याचं शरीर काही दिवसांत जागं होतं. पण ज्याने आयुष्यात कधी लस घेतलेलीच नाही, त्याला जखम झाल्यावर दिलेली पहिली लस त्या जखमेपुरती जवळजवळ निकामी. शरीर शिकेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, आणि विष तेवढं थांबत नाही.

अशा माणसाला दुसरं इंजेक्शन लागतं. त्यात शिकवणं नाही, तयार प्रतिपिंडंच असतात. डॉक्टर त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. कुत्रा खोल चावला की रेबीजच्या लशीबरोबर जखमेत जे वेगळं इंजेक्शन भरतात, त्याच जातीचं हे औषध.

ही तयार प्रतिपिंडं कारखान्यात रसायनं ढवळून होत नाहीत. ती सहसा कुणाच्या तरी रक्तातूनच येतात. १८९० साली बेरिंग आणि किटासाटो या दोघांनी जर्मनीत दाखवून दिलं, की धनुर्वाताची लस टोचलेल्या जनावराचं रक्तद्रव दुसऱ्या जनावराला वाचवतं. तेव्हापासून घोडे कामाला लागले. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या जखमी सैनिकांना घोड्याच्या रक्तातलं हे प्रतिविष टोचलं जाई. आपल्याकडे हाफकिनच्या पिंपरीच्या तबेल्यातल्या घोड्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. सर्पदंशावरचं जे प्रतिविष आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळतं, तेही घोड्याच्याच रक्ताचं.

घोड्याचं औषध स्वस्त, पण त्याची एक खोड आहे. माणसाचं शरीर त्याला परकं समजतं. कुणाला पुरळ, ताप, सांधेदुखी, तर कुणाला जिवावर बेतणारी ॲलर्जी. शिवाय परकं म्हणून शरीर ते लवकर बाहेर टाकतं. माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं असतील तर हा त्रास क्वचितच होतो. मात्राही कमी लागते : घोड्याची १५०० युनिट जिथे देतात, तिथे माणसाची २५० युनिट सहसा पुरतात, जखम फार घाणेरडी किंवा दिवसापेक्षा जुनी असेल तर ५००. आणि ती अंगात कित्येक आठवडे टिकतात. दोष एकच, हे औषध टीडी लशीच्या कित्येक पट महाग आणि प्रत्येक वेळी हाताशी असेलच असं नाही. कारण त्याला माणूसच लागतो, आणि तोही साधासुधा नाही, ज्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरभरून आहेत असा.

एका पिशवीचं गणित

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी यासाठी रक्तदात्यांचीच तपासणी सुरू केली. दात्याचं रक्त नेहमीच्या तपासणीसाठी घेतलेलं असतंच, त्याच नळीतल्या थेंबभर रक्तावर आणखी एक चाचणी. ज्यांचा आकडा मोठा, त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, वेगळा राखून ठेवायचा. कुठे अशा दात्यांना विचारून, संमती घेऊन बूस्टर डोसही देतात, म्हणजे आकडा आणखी चढतो.

हे का करायचं, ते साध्या गुणाकाराने कळतं. साडेतीनशे मिलिलीटर रक्ताच्या पिशवीतून प्लाझ्मा निघतो साधारण १८० मिलिलीटर. एलायझा चाचणीत एका मिलिलीटरमागे ०.१ युनिट प्रतिपिंडं असली की त्या माणसाला धनुर्वातापासून संरक्षण आहे असं धरतात. अशा जेमतेम सुरक्षित दात्याच्या पिशवीत एकूण १८ युनिट भरली. एका जखमी माणसाला लागतात २५०. म्हणजे एका डोससाठी १४ पिशव्या.

आता ज्याने नुकताच बूस्टर घेतलाय असा दाता घ्या. त्याच्या एका मिलिलीटरमध्ये १० युनिटसुद्धा असू शकतात. त्याच १८० मिलिलीटरमध्ये झाली १८०० युनिट, म्हणजे सात डोस. पिशवी तीच, सुई तीच, चहा-बिस्किटही तेच.

अर्थात हे कागदावरचं गणित आहे. प्लाझ्मातून प्रतिपिंडं वेगळी काढताना बरीच वाया जातात, आणि कारखाना एका पिशवीवर चालत नाही, हजारो पिशव्यांचा प्लाझ्मा एकत्र करून मगच प्रक्रिया होते. पण म्हणूनच निवड महत्त्वाची. भरलेल्या पिशव्या रिकाम्यांत मिसळल्या की सगळंच पातळ होतं. ताकात पाणी ओतत गेलं की शेवटी ताक राहत नाही, तसं.

गावात दर खरचटण्याला जाऊन टीटी टोचून घेणारा एखादा असतोच. ‘सहा महिने झाले, आता परत घ्यायला पाहिजे’ हे वाक्य शहापूरच्या बाजारात काय, कसाऱ्याच्या स्टँडवरही ऐकू येतं. खरं तर पूर्ण डोस झालेल्या माणसाला साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षांत आणि घाणेरड्या जखमेला पाच वर्षांत एकदा डोस पुरतो. दर सहा महिन्यांनी टोचून घेतलं तर दंड सुजून टम्म होण्यापलीकडे फारसं हाती लागत नाही. पण औषध बनवणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर हाच माणूस सोन्याची खाण. आणि तो शिबिरात येतो, रक्त देतो, नि त्याची पिशवी बाकीच्या ढिगात जाते.

पिशवी जाते कुठे?

शिबिरातलं रक्त तालुक्यात राहत नाही. ते शहरातल्या रक्तकेंद्रात जातं आणि तिथे त्याचे भाग होतात. लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट पाच दिवस, आणि गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. लाल पेशींना कायम मागणी असते. प्लाझ्मा मात्र बऱ्याच ठिकाणी उरतो. हा उरलेला प्लाझ्मा औषधं बनवणाऱ्या कारखान्यांना देता येतो. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारं फॅक्टर ८, भाजलेल्यांना लागणारं अल्ब्युमिन आणि इम्युनोग्लोब्युलिन त्यातूनच निघतं. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने या प्लाझ्मासाठी लिटरला १६०० रुपये हा दर ठरवून दिला. त्याला विक्री म्हणत नाहीत, विनिमय म्हणतात, कारण रक्त विकायला आपल्याकडे बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते बंद झाले.

ती बंदी योग्यच होती. पण तिचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत पैसे देऊन प्लाझ्मा गोळा करतात, त्यामुळे कंपनीला हवे तसे दाते निवडता येतात, त्यांना लस देता येते, पुन्हापुन्हा बोलावता येतं. आपल्याकडे प्लाझ्मा येतो तो गावोगावच्या फुकट रक्तदानातून, मागे उरलेला म्हणून. तो निवडायची सोय असेल तर ती रक्तकेंद्रातच, आणि तिथे धनुर्वाताची चाचणी नेहमीच्या यादीत नाही.

शहापूरकरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. भातसा आणि तानसा इथेच, पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात ती धरणालगतच्या पाड्यांवरची माणसं. रक्ताचंही असंच व्हावं का, हा प्रश्न शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी रक्तकेंद्राला विचारण्यासारखा आहे. इथल्या पोरांच्या प्लाझ्मापासून औषध होणार असेल, तर त्यातल्या चार बाटल्या शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये परत याव्यात. विनिमय शब्दाचा अर्थ तरी तोच होतो. प्लाझ्माच्या बदल्यात पैशांऐवजी त्याच किमतीची औषधं घ्यायची वाट धोरणात ठेवलेली आहे, ती वापरायचा हट्ट मात्र कुणीतरी धरावा लागतो.

रिकाम्या पिशव्या कुणाच्या?

इथपर्यंत भरलेल्यांची गोष्ट झाली. तपासणीचा दुसरा अर्धा भाग तालुक्यासाठी जास्त कामाचा आहे.

भारतात लहान मुलांना त्रिगुणी लस द्यायचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि सार्वत्रिक लसीकरण १९८५ साली. तेही एका दिवसात सगळीकडे पोचलं नाही. आज पन्नाशीत असलेला, एखाद्या ठाकूरवाडीत किंवा कातकरी वस्तीवर जन्मलेला माणूस लहानपणी या जाळ्यात आला असण्याची शक्यता कमीच. त्यानंतरच्या पिढीला लहानपणचे डोस मिळाले, पण १० आणि १६ वर्षांचे डोस शाळेवर अवलंबून. शाळा सुटली, आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला, की ते डोस हुकले.

बायकांचं वेगळं झालं. गरोदरपणात टीटी, आता टीडी, हा नियमच झाला. नर्सबाई, पुढे आशाताई, घरोघर फिरल्या. पूर्वी घरातल्या बाळंतपणात नाळ विळ्याने नाहीतर बांबूच्या कामटीने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, आणि आठवड्याच्या आत बाळ दूध ओढायचं थांबायचं. ते बाळ धनुर्वाताने जायचं. आईला दिलेल्या लशीची प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात, तेच तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, निसर्गाने दिलेलं. या एका कामाने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांनी भारतातून बाळ-बाळंतिणींचा धनुर्वात हटला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. सार्वजनिक आरोग्यातलं हे फार मोठं यश आहे आणि त्याचं श्रेय खेड्यापाड्यांत पायपीट केलेल्या बायकांचं आहे.

पण त्या जाळ्यात पुरुष कधी नव्हताच. चाळिशी-पन्नाशीचा शेतकरी, भट्टीवरचा मजूर, महामार्गाच्या कामावर सळया वाकवणारा हात, हे कोणत्याच यादीत नाहीत. त्यांना डोस मिळतो तो जखम झाली आणि दवाखान्यात गेले तरच. बाळंतपणाचं वय उलटून गेलेल्या म्हाताऱ्या बायकांचंही तेच. शेवटचा डोस घेऊन तीस-तीस वर्षं झालेली असतात.

हे नुसतं आपल्याकडचं नाही. आफ्रिकेतल्या काही देशांत एचआयव्ही रोखण्यासाठी पुरुषांच्या सुंतेची मोहीम निघाली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर काहींना धनुर्वात झाला. शोध घेतल्यावर दिसलं, की तिथेही लस बायका-मुलांपर्यंत पोचली होती आणि मोठे पुरुष कोरडे राहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेला त्यासाठी वेगळ्या सूचना काढाव्या लागल्या.

आता जरा शिबिराच्या रांगेकडे बघा. भारतात रक्तदात्यांमध्ये दहातले नऊ पुरुष असतात. वय १८ ते ६५. म्हणजे आरोग्य खात्याच्या कुठल्याच यादीत नसलेला माणूस इथे स्वतःच्या पायाने चालत येतो, बाही वर करतो आणि रक्त देतो. त्याच्या अंगात धनुर्वाताविरुद्ध काय शिल्लक आहे हे बघायला यापेक्षा सोपी जागा नाही. वेगळं सर्वेक्षण नको, वेगळी सुई नको.

एक अडचण मात्र इथेच सांगायला हवी. रक्त द्यायला वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं. ज्या पाड्यांवर अंगावर मांस नाही आणि अंगात रक्त नाही, तिथली माणसं खाटेपर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा रक्तदात्यांची तपासणी करून आलेला आकडा तालुक्याच्या खऱ्या स्थितीपेक्षा बराच बरा दिसेल. दात्यांतच शेकड्याने माणसं रिकामी निघाली, तर भट्टीवर काय असेल याचा अंदाज बांधावा लागेल, आणि तो चांगला नसेल.

मग सगळ्यांचीच चाचणी करायची?

नाही. इतका खर्च रक्तकेंद्रांना झेपणार नाही, आणि तो रक्ताच्या पिशवीच्या शुल्कात चढला तर शेवटी पेशंटच्याच नातेवाइकांच्या खिशातून जाईल. शिवाय नुसता आकडा हातात देऊन भागत नाही. ‘तुमचं ०.०५ आहे’ असा मेसेज आला तर माणूस घाबरेल किंवा पुसून टाकेल. त्याचा अर्थ सांगणारं कुणीतरी लागतं.

यापेक्षा स्वस्त वाट आहे आणि ती दात्याच्या अर्जातूनच जाते. लस कधी घेतली, हा प्रश्न अर्जावर आजही असतो. राष्ट्रीय नियमांप्रमाणे धनुर्वाताची लस घेतल्यावर १४ दिवस रक्त देता येत नाही. आणि गंमत अशी, की बूस्टरनंतर प्रतिपिंडं चढत चढत वर पोचतात ती दोन ते चार आठवड्यांत. म्हणजे १४ दिवस थांबून जो दाता परत येतो, त्याचं रक्त तेव्हा ऐन भरात असतं. आज त्या प्रश्नाचं उत्तर फक्त ‘थांबवा’ की ‘घ्या’ एवढ्यापुरतं बघितलं जातं. ‘गेल्या तीन महिन्यांत टीडी घेतली का’ एवढं विचारून ‘हो’ म्हणणाऱ्यांच्याच पिशव्यांची चाचणी केली, तर थोड्या खर्चात भरलेल्या पिशव्या हाती लागतील. दर तीन महिन्यांनी नेमाने येणारे जे दाते असतात, त्यांची एकदाच चाचणी करून नोंद ठेवली तरी पुरे.

रिकाम्यांसाठी तर चाचणीचीही गरज नाही. ज्याला लस घेतल्याचं आठवत नाही आणि कार्ड नाही, त्याला लस झालेली नाही असंच धरतात, डॉक्टरही तेच करतात. टीडी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे. शिबिराच्या दिवशी जवळच्या आरोग्य केंद्राची नर्स लशीच्या डब्यासह दाराशी बसवली, तर रक्त देऊन उठलेल्या माणसाला थोडा आराम झाल्यावर, डॉक्टरांना विचारून तिथेच डोस देता येईल. क्रम मात्र पाळायला हवा : आधी रक्तदान, मग लस. उलटं केलं तर पिशवी १४ दिवस लांबली. ज्यांना वजनामुळे किंवा हिमोग्लोबिनमुळे परत पाठवलं, त्यांना तर आधी द्यावी, कारण सगळ्यात जास्त गरज त्यांचीच. आज ते ‘रक्त कमी आहे’ एवढं ऐकून हात हलवत घरी जातात.

हे करायला नवा कायदा लागत नाही. शिबिर भरवणारं मंडळ, रक्तकेंद्र आणि तालुका आरोग्य अधिकारी या तिघांनी आधी आठवडाभर बोलायला हवं. अडचण तीच आहे. शिबिराचा बॅनर महिनाभर आधी छापला जातो, आरोग्य केंद्राला कळतं ते आदल्या संध्याकाळी, तेही कळलं तर.

धनुर्वात झालाच तर काय होतं, हेही हिशोबात धरायला हवं. पेशंट शहापूरहून ठाण्याला, तिथून मुंबईला, कस्तुरबासारख्या साथरोगांच्या रुग्णालयात. अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवावं लागतं, कारण आवाजाने नि उजेडानेही झटके येतात. श्वासाला मशीन लागलं तर आठवडेच्या आठवडे. लावणीच्या तोंडावर घरातला एक माणूस आजारी आणि दुसरा त्याच्याजवळ, की त्या वर्षीचं भात गेलं.

जखम झाली तर, रक्त द्यायचं असेल तर

जखम आधी साबणाने आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी. आत अडकलेला काटा, माती, काच काढावी. चुना, हळद, तंबाखू, राख, शेण यातलं काही आत भरू नये. दगडीपाल्याचा रसही खोल जखमेत नको. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावं आणि आधीच्या डोसबद्दल खरं ते सांगावं. ‘घेतलीये बहुतेक’ म्हणू नये. कधीच लस झालेली नसेल आणि जखम खोल, घाणेरडी असेल, तर टीडीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

ज्या मोठ्या माणसाची लस कधीच झाली नाही त्याला तीन डोस लागतात : पहिला आज, दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा महिने ते वर्षाने. तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवावी, कागद पावसाळ्यात टिकत नाही.

रक्त द्यायच्या आधी टीडी झाली असेल तर १४ दिवस थांबावं, घोड्याचं धनुर्वाताचं किंवा सर्पदंशाचं प्रतिविष घेतलं असेल तर २८ दिवस, आणि इम्युनोग्लोब्युलिन किंवा कुत्रा चावल्यानंतरची रेबीजची लस झाली असेल तर वर्षभर. शिबिरातल्या डॉक्टरने विचारलं नाही तरी हे आपणहून सांगावं.